९.९ एचपी आउटबोर्ड, शापोऱ्यात अकरा महिने

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर होडीला नवं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजीन, बसवलं. ९.९ एचपी मुद्दाम घेतलं, कारण १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत गोव्यात १० एचपीपर्यंतच्या होडीला जाळी टाकता येतात. इंजीन शांत आहे, पेट्रोल बेतानं पितं, जुन्या टू-स्ट्रोकसारखं तेल मिसळावं लागत नाही. त्याबद्दल तक्रार नाही.

डिसेंबरात, इंजीन एकूण ८७ तास चाललेलं असताना, नदीच्या मुखाशी गिअरमधून करकर ऐकू आली आणि पंखा फिरायचा थांबला. भावानं वल्ही मारली, शेवटी दुसऱ्या होडीनं ओढून जेटीला आणलं. खालचा स्क्रू काढला तर गिअर ऑइल दूध जास्त झालेल्या चहासारखं. पाणी आत गेलं होतं.

डीलरच्या मेकॅनिकनं न उघडताच सांगितलं, "दादा, शाफ्टला जाळ्याचा दोरा गुंडाळला, सील कापलं. हे वॉरंटीत नाही." शाफ्ट म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, सील म्हणजे पाणी आत येऊ न देणारी त्यावरची कडी. असं होतं, खोटं नाही, म्हणून तर मी दर आठवड्याला पंखा काढून बघतो. त्या दिवशीही काढला, दोऱ्याचा तुकडाही नव्हता. त्याचा व्हिडिओ केला, ते ऑइल बाटलीत भरून ठेवलं आणि थेट कंपनीला लिहिलं. सोबत बिल, २० तासांच्या सर्व्हिसचा शिक्का, माझी तासांची वही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याची असली तरी २०१९ च्या कायद्यात आपण ग्राहकच ठरतो, हे मच्छीमार भावांनी लक्षात ठेवावं.

दहाव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. गिअरकेसमध्ये, म्हणजे गिअरच्या डब्यात, हवा भरून साबणाचं पाणी लावलं. पंख्याकडचं सील कोरडं. बुडबुडे वरून, वॉटर पंपाखालच्या सीलमधून. दोरा तिथे पोचूच शकत नाही. त्यानं तसंच लिहून दिलं आणि अख्खा गिअरकेस फुकट बदलून मिळाला. त्या माणसाचे मनापासून आभार.

पण सुटा भाग यायला वेळ लागला. एकूण ३८ दिवस होडी किनाऱ्यावर, तेही नाताळ-नववर्षात, मासळीला भाव असताना. बुडालेल्या दिवसांचं वॉरंटीत काही मिळत नाही, याचं दुःख अजून आहे.

आणखी एक सांगायलाच हवं. माझ्या कार्डावर खासगी वापराला मुदत जास्त, धंद्याला एकच वर्ष. विकताना डीलर म्हणाला होता, "खासगी लिहू, फायदा होईल." मी मासेमारीच लिहायला लावलं. तसं नसतं तर होडीतली जाळी पाहून क्लेम तिथेच संपला असता.

आता १९० तास झालेत. महिन्यातून एकदा स्क्रू सैल करून चार थेंब बघतो, ऑइल स्वच्छ आहे. हेच इंजीन पुन्हा घेईन, त्या डीलरकडून नाही. भाग नवा बसला तरी मुदत मूळ तारखेपासूनच मोजतात, म्हणजे पुढच्या महिन्यात संपेल. त्याआधी हवेची तपासणी पुन्हा करून घेणार आहे, तारीख मागितलीय.