एडन चेंबर्स यांचं ‘टेल मी’: मुलांशी पुस्तकांवर बोलणाऱ्या प्रत्येकासाठी

शिक्षकांसाठी लिहिलेली पुस्तकं मी बरीच वाचते, पण वाचनाच्या तासाला सोबत न्यावं असं वाटतं ते ‘टेल मी’. १९९३ साली आलेलं हे छोटंसं इंग्रजी पुस्तक. चेंबर्स आधी शिक्षक होते, पुढे किशोरांसाठीचे कादंबरीकार झाले. २००२ साली त्यांना बालसाहित्यासाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. वर्ग आणि लेखन, दोन्हीकडचा अनुभव त्यांच्या पानापानांत जाणवतो.

पुस्तकाचा गाभा चार प्रश्नांत मावतो. काय आवडलं? काय आवडलं नाही? कुठे कोडं पडलं? काही पुन्हापुन्हा येतंय, कशाशी तरी जुळतंय, असं दिसलं का? ‘का आवडलं?’ मात्र विचारायचं नाही, कारण त्यात उलटतपासणीचा सूर लागतो. त्याऐवजी ‘सांग ना त्याबद्दल’. वाचताना हे किरकोळ वाटतं, फरक कळतो तो वर्गात. ‘का’ म्हटलं की मुलं ‘मस्त आहे म्हणून’ एवढ्यावर सुटका करून घेतात. ‘सांग’ म्हटलं की जरा वेळ गप्प राहतात आणि मग बोलू लागतात. मधल्या त्या शांततेत आपण तोंड उघडायचं नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो कोड्याचा प्रश्न. माझ्या वर्गातला एक मुलगा भुताच्या गोष्टींशिवाय दुसरं काही घेतच नाही. त्याला विचारलं, कुठे अडलास? म्हणाला, “बाई, भूत फक्त धाकट्यालाच दिसतं. बाकीच्यांना खरंच दिसत नाही, की दिसूनही ते बोलत नाहीत?” गोष्ट सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा, इथवर तो स्वतःच पोचला होता! ते पुस्तक मी वाचलेलं नव्हतं आणि हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच उत्तर बरोबर आहे का, हे माझ्या चेहऱ्यावर शोधत न बसता तो मला नीट समजावून सांगत राहिला.

एक गोष्ट मात्र विकत घेण्याआधी लक्षात घ्या. ही पद्धत मुख्यतः सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून करायच्या चर्चेसाठी आहे. एकाचं कोडं दुसरा सोडवतो, त्यात तिसरा भर घालतो आणि अर्थ हळूहळू घडतो. प्रत्येकाने आपापल्या आवडीचं पुस्तक निवडलं असेल तर हा दुसरा-तिसरा हाताशी नसतो. एखाद्या ठरावीक पुस्तकासाठी आधी तयार करून ठेवायचे खास प्रश्नही मग चालत नाहीत. मी साधारण एकाच तऱ्हेची पुस्तकं घेणाऱ्या मुलांना जवळजवळ बसवते, त्याने बरंच भागतं. खेळातल्या विक्रमांची किंवा प्राण्यांची माहिती देणारी पुस्तकं निवडणाऱ्यांसाठी प्रश्न थोडे वळवावे लागतात: यातलं तुला आधीच काय माहीत होतं? काय पटलं नाही?

चेंबर्स वाचनाकडे वर्तुळ म्हणून बघतात: निवड, वाचन, प्रतिसाद आणि पुन्हा निवड. मुलाशी नीट बोलणं झालं तर पुढचं पुस्तक ते स्वतः शोधतं, हे मी पाहिलं आहे. म्हणून मुलांच्या निवडीला नाकं मुरडणाऱ्या मोठ्यांनी तर हे वाचावंच.

घाई असेल तर प्रश्नांच्या आराखड्याचं प्रकरण आधी वाचा. ‘द रीडिंग एन्व्हायर्न्मेंट’ या त्यांच्याच पुस्तकासोबतची जोड आवृत्ती मिळाली, तर तीच घ्या.