अस्वलाचे छायाचित्र: दरोजीचा मनोरा की ताडोबाची जिप्सी?
हंपीजवळच्या दरोजी अभयारण्यात निरीक्षण मनोऱ्यासमोरच्या खडकांना गूळमिश्रित खाद्य लावलेले असते, त्यामुळे दुपार कलल्यावर अस्वले तिथे उतरतात आणि मनोऱ्यावर निश्चल बसून वाट पाहणाऱ्याला संधी बहुधा मिळते. मात्र अंतर मोठे असल्याने ५००-६०० मिलिमीटरची लेन्स हवीच. ताडोबात उघड्या जिप्सीतून फिरताना अस्वल केव्हा रस्ता ओलांडेल याचा नेम नसतो, म्हणून शटरचा वेग १/१००० सेकंदावर लावून लेन्स टेकवायची बीन बॅग तयार ठेवावी. काळ्या केसांनी चौकट भरली की कॅमेरा फसतो आणि काळ्याचे राखाडी करतो. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, थोडे उतरवावे. मला ताडोबाच अधिक भावते, कारण वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढणाऱ्या, धुळीने माखलेल्या नाकाच्या त्या अस्वलाला कोणी बोलावलेले नसते.