कार्डावर अनोळखी पेमेंट जमा झालं, कस्टमर केअरचा अनुभव

बँकेचं नाव देत नाहीये, पण क्रेडिट कार्ड वापरणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते म्हणून सविस्तर लिहितेय. स्टेटमेंटमध्ये 'पेमेंट मिळाले' अशी एन्ट्री दिसली, रक्कम चांगलीच मोठी, मी भरलेली नाही, घरात कुणी भरलेली नाही, आणि त्यामुळे बाकी मायनसमध्ये गेलेली, म्हणजे बँकच माझं देणं लागते असं दिसत होतं. रिफंड असता तर सहसा दुकानाचं नाव येतं, इथे नुसतं पेमेंट.

फोनवरच्या सर्व्हिसला पाचपैकी दोनच स्टार. मेनूत कार्ड हरवलं, न केलेला खर्च, रिवॉर्ड पॉइंट सगळं आहे, पण न भरलेले पैसे जमा झाले तर काय दाबायचं ते कुठेच नाही. शेवटी जो बोलला तो नम्र होता, पण म्हणे मॅडम जमाच झालेत ना, मग प्रॉब्लेम काय, कुणाचातरी एखादा आकडा चुकला असेल. हे मला पटलं नाही, कारण कार्ड नंबरचा शेवटचा आकडा तपासणीसाठीच असतो, आधीच्या आकड्यांवरून गणित करून तो ठरतो, त्यामुळे एकच आकडा चुकला तर नंबरच बाद ठरतो. म्हणजे गडबड दुसरीकडे कुठेतरी होती आणि ती बँकेनेच शोधायला हवी होती.

आणि प्रॉब्लेम खूप मोठा आहे हो. पैसे भरणाऱ्याने तक्रार केली की बँक एन्ट्री उलटवते, तोवर तुम्ही ते खर्च केले असतील किंवा त्या भरवशावर बिल भरलं नसेल तर थकबाकी, व्याज, लेट फी सगळं तुमच्या गळ्यात. यात फ्रॉडही चालतो, चोरलेल्या खात्यातून तुमच्या कार्डावर पैसे भरायचे आणि मग फोन करायचा की चुकून आलेत, या खात्यावर परत पाठवा. असा फोन आला तर एक पैसाही स्वतः पाठवू नका, कितीही रडले तरी, परत करायचे ते बँकेनेच, आले त्याच वाटेने. मी माझी नवीन खरेदी वेगळी धरून तिचं बिल नेहमीसारखंच भरलं.

लेखी तक्रार केल्यावर मात्र काम झालं, तिथल्या टीमला पैकीच्या पैकी मार्क. मी रेफरन्स नंबर, पेमेंट कुठल्या मार्गाने आलं आणि कोणत्या तारखेला जमा झालं एवढंच विचारलं होतं, तिन्हीचं उत्तर मिळालं. भरणाऱ्याचं नाव दिलं नाही, ते बरोबरच आहे, माझंही नाव त्यांनी असं कुणाला देऊ नये. एन्ट्री उलटवताना व्याज किंवा फी लागणार नाही हे ईमेलवर मागितलं तेही दिलं, तो ईमेल जपून ठेवलाय. फक्त प्रत्यक्ष उलटवली तेव्हा ना मेसेज ना नोटिफिकेशन, अ‍ॅप उघडल्यावर कळलं. म्हणून एकूण तीन स्टार.