कोकणातल्या कड्यात शंख नाहीत, मग बाग की कराई?

सहलीचा विषय निघाला की आमच्या शाळेत कुणीतरी हमखास म्हणतं, "पोरांना जीवाश्म दाखवायचेत ना? मग कोकणात न्या की, समुद्राकाठी कडेच कडे आहेत." इंग्लंडमधल्या डोव्हरच्या पांढऱ्या कड्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळं असं वाटणं साहजिक आहे. पण तो कडा म्हणजे क्रिटेशस काळातल्या, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या युगातल्या समुद्राचा तळ. डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळांची चुन्याची कवचं साचून झालेला खडू तिथं वर उचलला गेलाय आणि आजच्या लाटा तो कापतायत. हरिहरेश्वरचा कडा मात्र आपल्या विहिरीत लागतो त्याच काळ्या पाषाणाचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा. लाटांनी तो सुरेख कोरलाय, पण त्यात शिंपला मिळायचा नाही.

आपल्याकडं विहीर खणणाऱ्याला थरांचा क्रम पाठ असतो: वर काळी माती, मग मुरूम, मांजऱ्या, आणि शेवटी पाषाण. त्याच्याही खाली काय, हे किल्लारीत कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथं ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. त्यात ३३८ मीटर लाव्हाचेच थर, मग जेमतेम ८ मीटर गाळ, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन खडक. जुना समुद्र बघायचा तर या लाव्हाच्या कडेला जायला हवं, नाहीतर पार त्याच्या बाहेर. कडेला आहे मध्य प्रदेशातलं बाग. बाहेर, दूर तमिळनाडूत, आहे कराई.

आधी बाग. धार जिल्ह्यातलं हे गाव नर्मदेच्या खोऱ्यात आहे. सुमारे नऊ-साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्र या खोऱ्यातून आत शिरला होता. त्यानं ठेवलेले थर आजूबाजूच्या नाल्यांत आणि टेकड्यांच्या उतारावर दिसतात. खाली निमाड वालुकाश्म, वर गाठीगाठींचा चुनखडक, त्यावर ब्रायोझोआंच्या, म्हणजे वसाहत करून राहणाऱ्या इवल्या समुद्री प्राण्यांच्या, बारीक तुकड्यांनी भरलेला लालसर चुनखडक. गाठींच्या थरात अमोनाइट, म्हणजे माकुळाच्या नात्यातल्या प्राण्यांचे वेटोळे शंख मिळतात, पण पोरांचं मन जिंकतो तो समुद्री साळिंदर, म्हणजे काटेरी गोल कवचाचा समुद्री प्राणी. सुपारीपेक्षा थोडा मोठा गोळा, आणि त्याच्या पाठीवर पाच पाकळ्या, अगदी चाफ्याच्या फुलासारख्या. दगडावर कुणी नक्षी काढली, असंच आधी विचारतात.

इथली दुसरी जमेची बाजू म्हणजे बागची लेणी. आपल्या मुलांनी अजिंठा पाहिलेला असतो, तो कठीण बेसॉल्टमध्ये कोरलेला. बागची बौद्ध लेणी वालुकाश्मात आहेत. बाहेर पडलेल्या दगडावर बोट घासलं की वाळूचे कण बोटाला लागतात. अजिंठा का टिकला आणि बागची लेणी का ढासळली, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय समुद्र हटल्यावर साचलेल्या लमेटा थरांत याच जिल्ह्यात डायनासोरची घरटी आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली आहेत.

कराईचं वैभव वेगळं. तिरुचिरापल्लीहून पेरंबलूरच्या बाजूला तास-दीड तासावर हे गाव आहे. भूशास्त्रज्ञ एच. एफ. ब्लॅनफर्ड यांनी १८६० च्या आसपास हा सारा प्रदेश पायी फिरून नकाशावर मांडला. मातकट पिवळ्या चिकणमातीचा हा उघडाबोडका प्रदेश पावसानं घळीघळींनी चिरलाय. त्या घळींच्या भिंती म्हणजे समुद्राशिवायचे समुद्रकडेच. भिंतीत जिप्समच्या चकचकीत शिरा आडव्यातिडव्या धावतात. ते नुसत्या नखानं ओरखडलं जातं. पायाशी बंदुकीच्या गोळीसारखे बेलेम्नाइट, म्हणजे माकुळाच्या नातलगाच्या अंगातला कडक भाग. जवळच्या गरुडमंगलमला तर शिंपल्यांनी खच्चून भरलेला चुनखडकच आहे. त्यापुढं अरियालूरचे थर पार क्रिटेशसच्या अखेरीपर्यंत जातात. बागला या काळाचा एक तुकडा दिसतो, इथं जवळजवळ चार कोटी वर्षांची गोष्ट दिसते. जीवाश्मांच्या श्रीमंतीत बाग कराईच्या जवळपासही नाही, हे मी मोकळेपणानं सांगतो.

तरी शाळेची सहल असेल तर मी बागच म्हणेन. बाग धुळे, सेंधवा, बडवानी असं रस्त्यानं गाठता येतं. छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघालं तर संध्याकाळी मुक्कामाला, लातूर-नांदेडकरांनी वाटेत एक मुक्काम धरावा. कराईसाठी सोलापूर किंवा सिकंदराबादहून चेन्नईची गाडी, पुढं तिरुचिरापल्लीची. जायला-यायलाच चार दिवस मोडतात.

त्याहून मोठी अडचण हवामानाची. आपली सुट्टी दिवाळीत, आणि तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या दिवसांत कराईची चिकणमाती बुटाला किलोकिलोनं चिकटते, घळीत उतरणंही धोक्याचं. तिथं जावं जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा शाळा सोडता येत नाही. मे महिन्यात तर सावलीला एक झाड नाही. बागला दिवाळीत हवा छान असते आणि नाल्यांतलं पाणी उतरलेलं असतं.

एकट्यानं जाणारा, कॉलेजात भूशास्त्र शिकणारा किंवा निवृत्तीनंतर हा छंद धरलेला कुणी असेल, तर त्यानं बागवर समाधान मानू नये. कराईलाच जावं, किमान तीन दिवस काढावेत आणि सोबत प्रदेश माहीत असलेलं कुणीतरी घ्यावं. सगळ्या घळी सारख्याच दिसतात, वाट चुकते.

दोन्हीकडं एक पथ्य मात्र कडक पाळा: फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, वहीत चित्र काढा, पण उचलून काहीही आणू नका. थरातून निघालेला शिंपला आपल्या कपाटात आला की तो कुठल्या थराचा हेच हरवतं. आणि दगडावर नेच्यासारखी काळी नक्षी दिसली म्हणून मुलं ओरडली, तर ती बहुधा मँगनीजची असते, वनस्पतीची नव्हे.

बागला गेलात तर निघण्याआधी एखाद्या टेकडीवर चढा. वालुकाश्म, चुनखडक असं पायाखाली बदलत जातं आणि जिथं माथा शाबूत आहे, तिथं अचानक काळा पाषाण लागतो. घरच्या विहिरीतला एक खडा खिशातून न्या आणि मुलांना तिथं दोन्ही शेजारी धरायला सांगा.