ईव्ही सेफ्टी किट: पार्किंगसाठी घ्यावं की नाही?

सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर आणि गाड्या वाढल्या, तसा अग्निशमन साहित्य विकणाऱ्यांनी एक नवा माल काढला आहे: ईव्ही सेफ्टी किट. नावं वेगवेगळी, आतला माल जवळपास तोच. 6 किलोचा एबीसी पावडरचा (लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा आगींवर चालणारा) सिलिंडर, एक-दोन फायर बॉल, 'लिथियम आगीसाठी खास' असं लेबल लावलेला फवारा आणि अख्ख्या गाडीवर टाकायचं फायर ब्लँकेट. जनरल बॉडीत सादरीकरण होतं, पेटत्या स्कूटरचा व्हिडिओ दाखवला जातो आणि कमिटी घाबरून सही करते. आमचं मत आधीच सांगतो. पूर्ण किट घेऊ नका. एक वस्तू घ्या, एक परवडली तर घरासाठी घ्या, दोन परत पाठवा. उरलेले पैसे चार्जिंग पॉइंटच्या वायरिंगवर घाला.

असं का, ते समजायला बॅटरी पेटते कशी हे पाहावं लागेल. सेलच्या आत दोन इलेक्ट्रोडमध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो, सेपरेटर. आघात, जास्त चार्जिंग, आत शिरलेलं पाणी किंवा कारखान्यातला दोष, कशानंही सेल तापला की साधारण 130 अंशांच्या आसपास हा पडदा वितळू लागतो. आतल्या आत शॉर्ट होतो, उष्णता आणखी वाढते, शेजारचा सेल तापतो. पुढे सेलच आपली उष्णता तयार करत राहतो, याला थर्मल रनअवे म्हणतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या, म्हणजे एनएमसी सेलमध्ये साधारण 200 अंशांपुढे कॅथोडमधून (धन इलेक्ट्रोडमधून) ऑक्सिजनही सुटतो. म्हणजे आगीची हवा तोडली तरी आतली रासायनिक क्रिया चालूच राहते. ती थांबवायची तर उष्णता काढून घ्यावी लागते, आणि त्याला पाणी लागतं, भरपूर पाणी. टेस्लाच्या अग्निशमन दलांसाठीच्या सूचनांमध्ये एका मोटारीसाठी सुमारे 11,000 ते 30,000 लिटर पाण्याचा हिशेब दिला आहे. मध्यम टँकर साधारण 10,000 लिटरचा असतो. त्यासमोर 6 किलोचा सिलिंडर ठेवून पाहा.

तरीही एबीसी सिलिंडर घ्याच. बॅटरीसाठी नाही, बाकीच्या सगळ्यासाठी. पार्किंगमधली आग नेहमी बॅटरीतच सुरू होते असं नाही. सैल सॉकेट, जळकी वायर, कोपऱ्यात साठवलेली गादी, पेट्रोलच्या स्कूटरची गळती, या आगी पावडर खरंच विझवते. बॅटरीवर पावडर मारली तर ज्वाळा दबतील, मिनिटाभरात पुन्हा उठतील. पण तेवढ्यात शेजारची गाडी ढकलून बाजूला नेता आली तर सिलिंडरचं काम झालं. 6 किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, म्हणून मारताना थांबून थांबून, ज्वाळेच्या बुडाशी मारायचा. घेताना आयएसआय मार्क आणि आयएस 15683 (अशा सिलिंडरचं भारतीय मानक) पाहा, गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहा. दमट हवेत पावडर गोळा होऊन बसते, म्हणून अधूनमधून सिलिंडर उलटासुलटा करून ठेवायचा. हे काम कुणीच करत नाही. फॉर्म बीची, म्हणजे महाराष्ट्रात अग्निशमन यंत्रणा चालू असल्याच्या सहामाही दाखल्याची तपासणी जानेवारी आणि जुलैत करायची असते, तेव्हा येणाऱ्या एजन्सीकडून निदान गेज आणि नळी तरी समोर उभं राहून तपासून घ्या. नाहीतर स्टिकर तेवढं नवं लागतं.

विक्रेता एबीसीऐवजी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर सुचवेल. इलेक्ट्रिक पॅनेलसाठी तो चांगला, बॅटरीसाठी नाही. तो हवा हटवतो, थंडावा फारसा देत नाही. शिवाय बंद बेसमेंटमध्ये मारणाऱ्याचाच श्वास कोंडू शकतो. मीटर रूमपाशी एक ठेवा, पार्किंगमध्ये नको.

लिथियमच्या फवाऱ्यांमध्ये बहुधा पाण्यात कालवलेलं व्हर्मिक्युलाइट असतं. हे खनिज तापल्यावर थराथरानं पसरतं, सेलवर लेप बसतो आणि सोबतचं पाणी उष्णता खेचतं. कल्पना उत्तम आहे. लॅपटॉप, पॉवर बँक किंवा सुटी ई-बाइक बॅटरी पेटली तर हे चालतं. स्कूटरमध्ये मात्र एक अडचण आहे. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून पॅक आयपी67 दर्जाच्या बंद डब्यात असतो, तोही पायाखालच्या फ्लोअरबोर्डात किंवा सीटखाली. पाऊस शिरत नाही तिथे फवाराही शिरत नाही. म्हणून हा कॅन पार्किंगसाठी नको, पण ज्यांच्या घरात काढून नेण्याच्या बॅटऱ्या चार्ज होतात त्यांनी घेतला तर पैसे वाया जाणार नाहीत. लेबलवर फक्त 'लिथियम सेफ' लिहिलं असेल आणि आतला पदार्थ, चाचणीचं मानक काहीच दिलं नसेल, तर तो महागडा फेस समजा.

फायर बॉल सरळ परत करा. ज्वाळा लागली की चेंडू फुटतो आणि आतली मोनोअमोनियम फॉस्फेट पावडर उधळते, म्हणजे सिलिंडरमध्ये जी पावडर आहे तीच, पण थोडीशी आणि नेम न धरता. बॅटरी पेटते तेव्हा आधी गॅस येतो, मग ज्वाळा. चेंडू फुटेपर्यंत खरी वेळ निघून गेलेली असते.

आता ब्लँकेट. किटमधली सगळ्यात महाग वस्तू हीच, आणि आमच्या मते सगळ्यात धोक्याचीही. सिलिका किंवा ग्लास फायबरचं हे कापड गाडीवर ओढलं की शेजारच्या गाड्यांना ज्वाळांची झळ कमी लागते, इतकं खरं. पण खाली बॅटरीतून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इलेक्ट्रोलाइटची (सेलमधल्या द्रवाची) ज्वलनशील वाफ सुटतच राहते. ती कापडाखाली साठते. कुणी कडा उचलली, हवा आत गेली, की भडका किंवा स्फोट होऊ शकतो. प्रशिक्षित दल, पूर्ण पोशाख आणि श्वसनयंत्र असलेले दोन माणसं असतील तर वापर होऊ शकतो. आपल्याकडे ते कापड ओढणार कोण? वॉचमन आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका, दोघंही चप्पल घालून. हायड्रोजन फ्लोराइडसारखा फुप्फुसं जाळणारा वायूही त्या धुरात असतो. उघड्या जागेत, एकट्या उभ्या गाडीसाठी एकवेळ ठीक. बेसमेंटसाठी नकोच.

'आमची गाडी एलएफपीची आहे, ती पेटत नाही' हेही सादरीकरणात ऐकायला मिळतं. लिथियम आयर्न फॉस्फेट जास्त तापमानापर्यंत टिकतं आणि ऑक्सिजन सहज सोडत नाही, हे बरोबर. पण रनअवे झालाच तर गॅस निघतो, आणि त्यात हायड्रोजनचं प्रमाण मोठं असतं. तो लगेच पेटला नाही तर बंद जागेत साचतो. पार्किंगमध्ये पांढरा दाट धूर, फुसफुस आवाज, गोडसर रासायनिक वास आला तर ती पाण्याची वाफ समजून जवळ जाऊ नका. तो जळणारा गॅस आहे.

धुराचं महत्त्व सिकंदराबादनं दाखवलं. सप्टेंबर 2022 मध्ये तिथल्या एका इमारतीत खाली इलेक्ट्रिक स्कूटरचं दुकान आणि वर लॉज होता. आगीत 8 जण गेले, बहुतेक धुरानं गुदमरून. म्हणून बेसमेंटमध्ये पैसे खर्च करायचेच असतील तर धूर ओळखणारा डिटेक्टर, चालू स्थितीतला एक्झॉस्ट आणि जिन्याचं बंद होणारं फायर डोअर यांवर करा. ते दार वीट लावून उघडं ठेवलेलं असतं, ती वीट आधी काढा. स्टिल्टमध्ये वारा आणि धूळ असल्यानं साधा स्मोक डिटेक्टर कटकट करतो, तिथे उष्णता ओळखणारा बरा.

आणि वायरिंग. स्कूटरचा चार्जर जेमतेम 3 ते 4 अँपिअर घेतो. मोटारीचा 3.3 किलोवॉटचा चार्जर 14-15 अँपिअर घेतो, तोही सलग कित्येक तास. गीझर एवढाच वीज खातो पण अर्ध्या तासात बंद होतो, हा फरक लोक विसरतात. सॉकेटच्या पिना थोड्या सैल झाल्या आणि तिथे 0.1 ओहम रोध तयार झाला तरी 15 अँपिअरला 22 वॉटहून जास्त उष्णता त्या एका बिंदूवर रात्रभर साठते. प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं. त्यासाठी मोटारीच्या प्रत्येक पॉइंटला वेगळं सर्किट, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा ए प्रकारचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग हवं. जुना एसी प्रकारचा आरसीसीबी चार्जरमधून येणाऱ्या गळतीला नीट ओळखेलच असं नाही. एक्स्टेंशन बोर्ड नको, थ्री-पिन कन्व्हर्टर तर मुळीच नको. तासभर चार्जिंग झाल्यावर प्लग हाताला चटका देत असेल तर सॉकेट बदला, जोर लावून घट्ट बसवू नका.

काढून वर नेण्याची बॅटरी घराच्या दारात चार्जिंगला लावणं ही सगळ्यात वाईट सवय. बाहेर पडायचा एकच रस्ता, आणि त्यावरच आग. रात्री झोपताना तर नाहीच. उन्हातून आल्यावर बॅटरी अर्धा-पाऊण तास निवू द्या. रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं सेल बदलून 'रेंज वाढवलेला' पॅक सोसायटीत येऊच देऊ नका. 2022 मधल्या स्कूटर पेटण्याच्या घटनांनंतर एआयएस-156 मध्ये (इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरी सुरक्षेचं भारतीय मानक) शेजारच्या सेलकडे आग पसरण्याची चाचणी आणि धोक्याचा इशारा आला, पण डबा एकदा उघडला की त्या चाचणीला अर्थ उरत नाही.

पुरात बुडालेली स्कूटर, विशेषतः खाडीच्या खाऱ्या पाण्यात, सुकली म्हणून चार्जिंगला लावू नका. आतलं गंजणं दिवसांनंतरही शॉर्ट घडवतं. तिला इमारतीपासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून 15 मीटर दूर, उघड्यावर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला आधी सांगूनच उचलायला बोलवा. आग विझलेल्या गाडीलाही हेच लागू. ती निदान 24 तास नजरेखाली हवी, कारण उरलेल्या सेलमध्ये वीज शिल्लक असते आणि टोइंगच्या धक्क्यानं ती पुन्हा पेटू शकते.