जुन्या डॉस पीसीसाठी सी कंपायलर: टर्बो सी, ओपन वॉटकॉम की डीजेजीपीपी?

कंपायलर निवडण्याआधी मशीनचं झाकण उघडून प्रोसेसर कुठला आहे ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो. ८०८८ किंवा २८६ असेल तर डीजेजीपीपीचा विचारच सोडा. त्याचे प्रोग्रॅम ३८६ पासून पुढेच चालतात.

टर्बो सी आपल्याकडे ओळखीचा आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून तो इतकी वर्षं शिकवला गेला की निळा स्क्रीन म्हणजेच सी असं अनेकांना वाटायचं. विंडोजवर तो शिकवत राहणं मला कधीच पटलं नाही, पण खऱ्या एक्सटीवर, म्हणजे ८०८८ वाल्या जुन्या आयबीएम पीसीवर, तो अजूनही उत्तम आहे. एडिटर, कंपायलर, डीबगर एकाच जागी, कंपाइल करायला वेळ लागत नाही आणि २० एमबीच्या हार्ड डिस्कवर आरामात मावतो. आवृत्ती मात्र २.०१ घ्या. टर्बो सी++ ३.० ला स्वतः चालायलाच किमान २८६ लागतो.

त्याची खरी अडचण ६४ केबीच्या सेगमेंटची, म्हणजे मेमरीच्या एका वेळी हाताळता येणाऱ्या तुकड्याची. ३२० बाय २०० चा, २५६ रंगांचा स्क्रीन ६४,००० बाइट्सचा असतो, म्हणून कसाबसा एका सेगमेंटमध्ये बसतो. ३२० बाय २४० केलात की ७६,८०० बाइट्स होतात आणि साधा ॲरे पुरत नाही. मग सेगमेंटची हद्द ओलांडू शकणारा ह्यूज पॉइंटर घ्या नाहीतर चित्राचे तुकडे करा. दोन्हींत वेळ जातो.

३८६ वर ३२-बिट कोड बनवणारा कंपायलर घेतला की ही कटकट संपते. १९९३ चा 'डूम' हा गेम वॉटकॉमनेच (ओपन वॉटकॉमचा पूर्वज) कंपाइल केला होता, डॉस/४जीडब्ल्यू या एक्स्टेंडरवर, म्हणजे डॉसमध्ये ३२-बिट प्रोग्रॅम चालवून देणाऱ्या प्रोग्रॅमवर. तिथे व्हिडिओ मेमरी थेट दिसते: ए०००० हा तिचा पत्ता साध्या पॉइंटरमध्ये टाकायचा आणि लिहायला लागायचं. डीजेजीपीपीत तसं केलंत तर प्रोग्रॅम तिथेच पडतो. डॉसची मेमरी त्याच्या सेगमेंटबाहेर असते, म्हणून वेगळी फंक्शन्स वापरून तिथे बाइट्स पोचवावे लागतात. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. डीजेजीपीपीत चुकीचा पॉइंटर वापरला की बहुतेक वेळा रजिस्टर्सची यादी छापून प्रोग्रॅम थांबतो. डॉस/४जीडब्ल्यूखाली नल पॉइंटरवर लिहिलंत तर कुणी अडवत नाही. शून्य पत्त्यावर असलेलं इंटरप्ट टेबल बिघडतं आणि मशीन नंतर भलत्याच ठिकाणी अडकतं. नवख्या माणसाला हा फरक फार मोठा आहे.

डीजेजीपीपी म्हणजे डॉससाठीचं जीसीसी, लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा मोफत कंपायलर. डीजे डेलोरी यांनी १९८९ मध्ये ते काम सुरू केलं. 'क्वेक' या गेमची डॉस आवृत्ती त्यावरच बांधली होती. लिनक्सवरचा तयार कोड आणायचा असेल किंवा सी++ ची नवी वैशिष्ट्यं हवी असतील, तर दुसरीकडे बघूच नका. एक्झी फाइल मोठी होते, आणि शुद्ध डॉसवर सोबत सीडब्ल्यूएसडीपीएमआय या ३२-बिट मोड पुरवणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल द्यावी लागते. विसरलात तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही.

माझं मत ओपन वॉटकॉमच्या बाजूने आहे. आजच्या विंडोज किंवा लिनक्स मशीनवर बसून तो १६-बिट आणि ३२-बिट दोन्ही प्रकारचा डॉस कोड बनवतो, त्यामुळे ८०८८ आणि ४८६ दोन्ही घरात असतील तर एकच साधन पुरतं. ८०८८ साठी ८०८६ च्या सूचनांचा पर्याय लक्षात ठेवून द्या. फंक्शनचे आर्ग्युमेंट्स तो शक्यतो रजिस्टरमधून पाठवतो, आणि मंद प्रोसेसरवर असा प्रत्येक टळलेला मेमरी ॲक्सेस मोलाचा असतो. मात्र त्यामुळेच टर्बो सीसाठी लिहिलेली असेंब्ली रूटीन्स जशीच्या तशी जोडता येत नाहीत. त्यांचं डिक्लेरेशन बदलावं लागतं. टर्बो सीच्या बीजीआय ग्राफिक्स लायब्ररीवर लिहिलेला जुना कोडही इथे चालणार नाही. तसा कोड हाताशी असेल आणि तो फक्त जिवंत ठेवायचा असेल, तर टर्बो सीवरच राहा.