भरतीच्या वेळेवर आखलेली किनारी पक्षीनिरीक्षण सहल

समुद्रकिनाऱ्यावरची पक्षीनिरीक्षण सहल रंगते की नुसती पायपीट ठरते, हे बहुतांशी आयोजकांनी तारीख ठरवताना भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिले होते की नाही यावर अवलंबून असते. वसंताच्या सुरुवातीला ज्या एकदिवसीय गट-सहलीत मी सहभागी झालो, तिच्या आयोजकांनी ते काळजीपूर्वक पाहिले होते, आणि या सहलीबद्दल मला जे चांगले सांगायचे आहे त्यातले बरेचसे या एका गोष्टीतून निघते.

पक्षीनिरीक्षण म्हटले की पहाटे निघायचे, असा आपला समज असतो. येथे मात्र किनाऱ्यावर पोहोचण्याची वेळ सूर्योदयानंतर बरीच उशिराची होती, आणि त्याचे कारण आदल्या दिवशीच्या संदेशात स्पष्ट लिहिले होते: त्या दिवशीची भरती दुपारच्या सुमारास पूर्ण होणार होती. ओहोटीला चिखलवट दूरवर उघडी पडते, पक्षी तिच्यावर विखुरतात आणि चांगल्या दुर्बिणीतूनही त्यांचे ठिपकेच दिसतात. पाणी चढू लागले की तेच पक्षी पावलापावलाने काठाकडे सरकतात आणि शेवटी दाटीवाटीने एकत्र येतात. म्हणून भरतीच्या आधीचे दोन-तीन तास हाच खरा निरीक्षणाचा काळ. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, हे लक्षात घेतले तर दर रविवारी ठरावीक वेळी निघणाऱ्या किनारी सहलींना फारसा अर्थ राहत नाही. आमच्या मार्गदर्शकांनी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवसही टाळले होते, कारण उधाणाच्या भरतीत तेथील चिखलवट पूर्ण बुडते आणि पक्षी विश्रांतीसाठी नजरेआड निघून जातात.

हंगामाची निवडही तितकीच योग्य होती. हिवाळ्यात हे किनारी पक्षी बहुतेक करड्या-तपकिरी पिसाऱ्यात असतात आणि नवख्याला एकसारखेच वाटतात. विणीच्या हंगामातला रंगीत पिसारा पूर्ण येईपर्यंत त्यांतले पुष्कळ पक्षी उत्तरेकडे निघून गेलेले असतात. या दोन्हींच्या मधला काळ आम्हाला मिळाला. काळ्या डोक्याच्या कुरवांपैकी (गल पक्ष्यांपैकी) काहींच्या डोळ्यामागे हिवाळ्यातला ठिपकाच होता, तर शेजारच्या पक्ष्याच्या डोक्यावर गडद टोपी जवळजवळ पूर्ण आली होती. ग्रे प्लवर, म्हणजे करडा चिखल्या, स्पॉटिंग स्कोपमध्ये, म्हणजे तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीत, आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या पोटावर शाई शिंपडल्यासारखे काळे डाग उमटलेले दिसले, आणि तो उडाला तेव्हा पंखाखालच्या बगलेतला काळा पट्टा स्वच्छ दिसला. गोल्डन प्लवरपासून त्याला वेगळे ओळखण्याची ही सर्वांत भरवशाची खूण आहे.

मार्गदर्शकांची खरी ताकद येथे जाणवली. नाव सांगून पुढच्या पक्ष्याकडे वळण्याची घाई त्यांनी केली नाही. त्यांनी एकाच स्कोपच्या चौकटीत चिखल्या आणि पाणटिवळा (गॉडविट) असे दोन पक्षी धरले आणि आम्हाला काही मिनिटे फक्त त्यांचे खाणे पाहायला लावले. चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, मान किंचित कलती करतो आणि एकदम चोच मारून किडा ओढून काढतो, कारण तो मोठ्या डोळ्यांनी शिकार करतो. पाणटिवळा मात्र लांब चोच पार मुळापर्यंत चिखलात खुपसत चालत राहतो, कारण त्याच्या चोचीच्या टोकाला स्पर्श ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात आणि त्याला भक्ष्य दिसण्याची गरज नसते. हे एकदा नीट पाहिले की दूरवरचा पक्षीसुद्धा त्याच्या चालीवरून कोणत्या गटातला आहे हे कळू लागते. त्यानंतर लाटांच्या मागे-पुढे धावणारे सँडरलिंग कोणीतरी न सांगता ओळखले, याचा मला मनापासून आनंद झाला.

अंतर राखण्याच्या बाबतीत आयोजकांचा काटेकोरपणा काहींना जाचक वाटला असेल. मला तो या सहलीचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. २०२२ मध्ये अवघ्या ५ महिन्यांच्या एका पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याने अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत कोठेही न उतरता कापले होते. त्याच्या पाठीवरील उपग्रह ट्रान्समीटरमुळे त्याची नोंद झाली. अशा उड्डाणांसाठी लागणारी चरबी हे पक्षी याच चिखलवटींवर साठवतात, आणि वसंतातल्या परतीच्या प्रवासाआधी खाण्याचा प्रत्येक तास त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो. थवा खाणे थांबवून माना उंचावू लागला की आपण जास्त जवळ आलो आहोत असे समजून तेथेच थांबायचे, ही खूण सुरुवातीलाच सांगितली गेली. कॅमेरा घेऊन पुढे सरकलेल्या एका सहभागी व्यक्तीला मार्गदर्शकांनी हळू आवाजात मागे बोलावले आणि थवा पुन्हा खाऊ लागेपर्यंत सगळ्या गटाला जागेवर थांबवले. गटाला वेळ मोजावा लागला तरी चालेल, पण पक्ष्यांना त्रास होता कामा नये, हे धोरण इतक्या ठामपणे पाळणारे आयोजक मला क्वचितच भेटले आहेत.

उणिवा आहेत, आणि त्या सहज दूर करता येण्यासारख्या आहेत. विसाच्या आसपास लोक आणि दोनच स्कोप हे प्रमाण योग्य नाही. पाणी काठाला लागून थवे अगदी समोर आले, त्या मोक्याच्या वेळी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही सेकंद आले आणि मागच्या लोकांचा नंबर येईपर्यंत पक्षी उडाले होते. उसन्या मिळणाऱ्या दुर्बिणी १० पट वर्धनाच्या होत्या. नवख्याच्या हातात त्या थरथरतात आणि त्यांचे दृश्यक्षेत्र अरुंद असल्यामुळे पक्षी सापडायलाच वेळ लागतो; त्याऐवजी ८ बाय ४२ च्या, म्हणजे ८ पट वर्धनाच्या आणि ४२ मिलिमीटर भिंगाच्या, दुर्बिणी ठेवायला हव्यात. त्यांतल्या एकीच्या दोन नळ्या जुळत नव्हत्या आणि प्रतिमा दुहेरी दिसत होती, हे वाटप करण्यापूर्वी तपासणे अवघड नव्हते. स्वच्छतागृहाची सोय दुपारपर्यंत नव्हती, याची पूर्वकल्पनाही दिली गेली नाही.

दुपारनंतरचा टप्पा मला अनावश्यक वाटला. भरती पूर्ण झाल्यावर आम्हाला समुद्राकडे पाहणाऱ्या एका उंच जागी नेण्यात आले, परंतु तापलेल्या वाळूवरून उठणाऱ्या हवेमुळे स्कोपमधले दृश्य इतके थरथरत होते की दूरचे सुरय (टर्न) आणि कुरव वेगळे करणेही कठीण झाले. त्याऐवजी विश्रांतीला बसलेल्या थव्यापासून सुरक्षित अंतरावर तासभर शांत बसून पाणी उतरण्याची वाट पाहिली असती, तर पक्षी पुन्हा चिखलवटीवर पसरताना पाहायला मिळाले असते.

परतल्यावर आलेली यादी मात्र आदर्श होती. ती ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर प्रत्येक थांब्यासाठी स्वतंत्र भरलेली होती, मोठ्या थव्यांचे आकडे अंदाजे असल्याचे त्यात नमूद होते, आणि प्रकाशाविरुद्ध दिसलेले लहान तुतवार (सँडपायपर) जातीचे नाव न देता केवळ गटाच्या पातळीवर नोंदवले होते. आकडा वाढवण्यासाठी एकही जात घुसडलेली नव्हती. नवख्यांनी आणि किनारी पक्ष्यांची ओळख पक्की करू इच्छिणाऱ्यांनी या सहलीला अवश्य जावे. ज्यांना मुख्यतः जवळून छायाचित्रे हवी आहेत, त्यांना येथील अंतराचे नियम मोडून सूट मिळणार नाही, हे नोंदणीपूर्वीच समजून घ्यावे. नावनोंदणी करताना गटात किती जण असतील आणि स्कोप किती असतील, हे दोन प्रश्न मात्र प्रत्येकाने विचारावेत.